साडेनऊशे किलोमीटर म्हणजे किती वेळ?

नकाशात दोन गावे बोटभर अंतरावर दिसतात. पण एका गावाहून दुसऱ्या गावी जायला वेळ किती लागेल, हे नकाशा सांगत नाही. आज आपण अगदी उत्तरेकडची दोन गावे घेऊ.

युरोपात नॉर्वे नावाचा देश आहे. त्याच्या उत्तर भागात ट्रोम्सो हे शहर आहे. तिथून उत्तरेला समुद्र ओलांडला की स्वालबार्ड नावाची बेटे लागतात. तीही नॉर्वेचीच. तिथले मोठे गाव लाँगइयरब्येन. हे नाव घेताना आमचीही जीभ अडखळते! मोठे गाव म्हटले, पण वस्ती दोन-अडीच हजारांचीच. दोन्ही ठिकाणी विमानतळ आहे.

मधे समुद्र. मग अंतर मोजायचे कसे? पृथ्वीच्या गोळ्यावर आडव्या रेघा कल्पिलेल्या आहेत. त्यांना अक्षांश म्हणतात. एका अंशापासून पुढच्या अंशापर्यंत सुमारे १११ किलोमीटर होतात. ट्रोम्सो पावणेसत्तर अंशांवर आहे आणि लाँगइयरब्येन सव्वाअठ्ठ्याहत्तर अंशांवर. फरक साडेआठ अंशांचा. साडेआठ गुणिले १११. पाटीवर करून बघा. साडेनऊशेच्या जवळपास उत्तर येते. हे गाव ट्रोम्सोच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे, म्हणून एवढा हिशेब पुरतो.

मोठे विमान तासाला सुमारे आठशे किलोमीटर जाते. म्हणजे सव्वा तास पुरायला हवा. पण प्रवासाला दीड तासाहून जास्त वेळ धरतात. असं का? एस.टी. तरी स्टँडवरून निघाल्याबरोबर भरधाव सुटते का? विमानही आधी धावपट्टीपर्यंत हळूहळू जाते. मग वर चढताना आणि खाली उतरताना त्याचा वेग कमी असतो. समोरून वारा असला तर आणखी उशीर. धुक्यामुळे उतरता आले नाही, तर माघारी फिरावे लागते. त्यासाठी जादा इंधन बरोबर ठेवावेच लागते.

लाँगइयरब्येनचा हा विमानतळ १९७५ साली सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात समुद्र गोठला, की बोटी बंद पडत. तिथे ऑक्टोबर संपता संपता सूर्य मावळतो, तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. त्या अंधारात कोळशाच्या खाणीतले कामगार घरच्या पत्राची वाट बघत. कधी विमान यायचे, पण ते उतरत नसे. टपालाच्या थैल्या वरूनच खाली टाकायचे.

आता बाराही महिने विमाने ये-जा करतात. गावात दवाखाना आहे, पण लहान. आजार बळावला, तर रोग्याला विमानाने ट्रोम्सोला नेतात. बाळंतपणाचे मात्र वेगळे. ते काही वेळापत्रक बघून होत नाही, आणि वाऱ्या-धुक्याचाही भरवसा नाही. म्हणून दिवस भरत आले, की बाई काही आठवडे आधीच समुद्र ओलांडून नॉर्वेत जाऊन राहते.