फ्रिस्कोचे पाणी येते कुठून?



मागच्या महिन्यात ‘पाणी’ हा धडा घेताना आम्ही वर्गात विचारले, “तुमच्या घरी पाणी कुठून येते?” एकाने सांगितले, “फ्रिजमधून.” दुसरी म्हणाली, “भिंतीतून.” सगळे हसले. पण बाहेर थांबलेल्या आई-बाबांना तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनाही नेमके उत्तर देता आले नाही. आणि खरे सांगायचे तर आम्हालाही नाही! म्हणून आम्ही माहिती गोळा केली. ती या अंकात देत आहोत.

गाव वसले पाण्यासाठी

सुमारे १९०२ साली इथे रेल्वे आली. त्या काळी इंजिने वाफेवर चालत, त्यामुळे वाटेत इंजिनात पाणी भरावे लागे. जुना प्रेस्टन मार्ग ज्या उंच पट्ट्यावरून जाई, तिथे पुरेसे पाणी नव्हते. म्हणून रेल्वेने पाणी भरण्याची जागा सुमारे चार मैल पश्चिमेला, सखल भागात केली. तिच्याभोवती वस्ती वाढली. ‘सेंट लुईस–सॅन फ्रान्सिस्को’ रेल्वेच्या नावावरून गाव झाले फ्रिस्को.

म्हणजे रेल्वेला पाणी हवे होते म्हणून आपले गाव वसले. महाराष्ट्रात एप्रिल २०१६ मध्ये याच्या नेमके उलट घडले. लातूर शहराचे पाणी संपले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या आणि ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या धावल्या.

फ्रिस्कोची लोकसंख्या १९९० मध्ये ६,१३८ होती. २०२० च्या जनगणनेत ती २,००,५०९ झाली. इतक्या लोकांची तहान इथल्या ओढ्यांवर कशी भागणार?

पाणी येते लांबून

आपल्याला पाणी पुरवते ती संस्था म्हणजे ‘नॉर्थ टेक्सास म्युनिसिपल वॉटर डिस्ट्रिक्ट’. ती १९५१ मध्ये स्थापन झाली. आज ती सुमारे २० लाख लोकांना पाणी देते. तिचा सर्वांत जुना आधार म्हणजे वायली गावाजवळचा लव्हॉन तलाव. शिवाय टेक्सोमा, तवाकोनी, जिम चॅपमन आणि सर्वांत नवा बो डार्क या तलावांचे पाणीही ती घेते.

आणखी एक आधार ऐकून मुलांनी नाके मुरडली! आपल्या परिसरातील गावांचे सांडपाणी शुद्ध करून ट्रिनिटी नदीच्या पूर्व शाखेत सोडले जाते. डॅलसच्या आग्नेयेला ते पाणी पुन्हा उचलून सुमारे १,८०० एकरांच्या पाणथळ जागेत सोडतात. तिथल्या तळ्यांतून आणि पाणवनस्पतींमधून ते साधारण आठवडाभर हळूहळू वाहते. गाळ खाली बसतो, नायट्रोजन आणि फॉस्फरस वनस्पती शोषून घेतात. मग ते पाणी चाळीसहून अधिक मैल नळाने उलटे वर आणून लव्हॉन तलावात मिसळतात. नंतर पुन्हा शुद्धीकरण होते आणि मगच ते नळाला येते. तेव्हा नाक मुरडू नका. एकदा वापरलेले पाणी पुन्हा कामी येते, ही चांगलीच गोष्ट आहे.

नखाएवढ्या शिंपल्याने अडवलेले पाणी

नुसते तलाव असून भागत नाही, त्यांच्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. २००९ मध्ये टेक्सोमा तलावात झेब्रा मसल नावाचे पट्टेदार शिंपले सापडले. आकार नखाएवढा, पण ते नळांना आतून चिकटतात, भराभर वाढतात आणि नळ चोंदवतात. टेक्सोमाचे पाणी तोपर्यंत लव्हॉन तलावाकडे सोडले जाई. ते ताबडतोब बंद करावे लागले. आपल्या पुरवठ्यातला पाव हिश्श्याहून अधिक भाग एका फटक्यात थांबला! शेवटी टेक्सोमापासून थेट वायलीच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत चाळीसहून अधिक मैलांचा बंद नळ टाकला. तो २०१४ मध्ये सुरू झाला.

त्यातच २०११ साली टेक्सासात भयंकर दुष्काळ पडला. लव्हॉनची पातळी खाली गेली. २०१४ मध्ये तर लॉनला दोन आठवड्यांतून एकदाच पाणी घालण्याची परवानगी होती. मे २०१५ च्या मुसळधार पावसाने तलाव भरले, तेव्हा कुठे सुटका झाली.

पन्नास वर्षांचा हिशेब

१९५० च्या दशकात टेक्सासने सलग अनेक वर्षे दुष्काळ सोसला. त्यातून धडा घेऊन १९५७ मध्ये राज्याने पाण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले. १९९७ च्या कायद्याने राज्याचे १६ विभाग केले. प्रत्येक विभाग दर पाच वर्षांनी पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा करतो. पाऊस किती, तलावात किती, बाष्पीभवनाने किती जाते, माणसे किती वाढणार आणि मोठा दुष्काळ पुन्हा पडला तर काय, हे सारे त्यात मांडलेले असते. २०२२ च्या राज्य आराखड्याचा अंदाज असा की २०२० मधील सुमारे ३ कोटी लोकसंख्या २०७० पर्यंत ५ कोटींच्या वर जाईल.

इतके आधीपासून का मोजायचे? बो डार्क तलावाचे उदाहरण घ्या. बॉनम गावाजवळचा हा तलाव साडेसोळा हजार एकरांचा आहे. परवानगीच्या कामापासून पाणी नळाला येईपर्यंत पंधरा वर्षांहून अधिक काळ गेला. पाणी आले ते मार्च २०२३ मध्ये. तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपली आजी म्हणते, ते याचसाठी!

तलावाखाली कोणाची जमीन?

इथे आमच्या शिक्षक-पालकांच्या बैठकीत बराच वाद झाला. एक पालक म्हणाले, “पाणी कमी पडले तर आणखी धरणे बांधावीत.” पण धरण बांधले की कोणाची तरी जमीन पाण्याखाली जातेच. आपल्या विभागाच्या आराखड्यात ईशान्य टेक्सासातील सल्फर नदीवर मार्व्हिन निकल्स नावाचा मोठा जलाशय सुचवलेला आहे. त्याचे बुडीत क्षेत्र सुमारे ६६,००० एकर सांगितले जाते. तिथले शेतकरी आणि जंगलमालक अनेक वर्षे विरोध करत आहेत. त्यांचे म्हणणे साधे आहे: “आमची शेते आणि आमच्या पूर्वजांची थडगी तुमच्या शहरांसाठी का बुडवायची?”

महाराष्ट्रातून आलेल्यांना हा प्रश्न नवा नाही. मुंबईला पाणी देणारे तानसा आणि भातसा हे तलाव ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील कित्येक गावे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. वाढत्या गावाला पाणी लागणार हे खरे. पण दुसऱ्याची जमीन मागण्याआधी आपण आपला वापर मोजला आहे का, एवढे तरी स्वतःला विचारायला हवे असे आम्हाला वाटते.

एका गावाने केलेला हिशेब

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचे छोटे गाव आहे. फ्रिस्कोत वर्षाला सुमारे ४० इंच पाऊस पडतो. हिवरे बाजारला त्याच्या निम्माही नाही. एकेकाळी दुष्काळामुळे माणसे गाव सोडून जात होती. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने डोंगरावर चर खणले, बंधारे घातले, झाडे लावली. पण आम्हाला सर्वांत आवडली ती पुढची गोष्ट. गावकरी पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांना पिण्यासाठी, मग जनावरांना, उरेल ते शेतीला. पाऊस कमी झाला तर कोणती पिके घ्यायची नाहीत हे सगळे मिळून ठरवतात. उसासारखी जास्त पाणी पिणारी पिके नाहीत आणि शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. टेक्सासचे तज्ज्ञ संगणकावर करतात तेच काम हे गाव फळ्यावर करते!

आपण काय करायचे?

उन्हाळ्यात फ्रिस्कोचा पाण्याचा खप एकदम वाढतो, तो मुख्यतः लॉनमुळे. आम्ही गणित करून पाहिले. ५,००० चौरस फुटांच्या लॉनला एक इंच पाणी घातले, तर सुमारे ३,१०० गॅलन, म्हणजे जवळजवळ १२,००० लिटर लागते. महाराष्ट्रातल्या दुष्काळी गावात येणारा एक टँकर साधारण एवढाच असतो.

आपल्या घराखालची माती दख्खनच्या काळ्या कापसाच्या मातीसारखीच आहे. उन्हात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते. ती पाणी हळूहळू पिते. म्हणून स्प्रिंकलर एका दमात अर्धा तास चालवला तर पाणी रस्त्यावर वाहून जाते. त्याऐवजी थोडा वेळ चालवून थांबावे, पाणी मुरू द्यावे, मग पुन्हा चालवावे. पाऊस पडलेल्या आठवड्यात तो बंदच ठेवावा.

घरी करून बघा

१. सरळ बाजूंचा डबा अंगणात ठेवा. पाऊस पडला की पट्टीने मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. झाला तुमचा पर्जन्यमापक!
२. आई-बाबांकडून पाण्याचे बिल घ्या. जानेवारी आणि ऑगस्ट यांतील फरक काढा. गॅलनला ३.८ ने गुणून लिटर करा आणि १२,००० ने भागा. किती टँकर झाले?
३. आजी-आजोबांना फोन करून विचारा, “लहानपणी तुमच्या घरी पाणी कुठून यायचे? कोण भरायचे?” उत्तर मराठीत पाच ओळींत लिहून आणा. पुढच्या अंकात छापू.

कठीण शब्द

वाघीण – मालगाडीचा डबा. (जंगलातली वेगळी!)
सांडपाणी – वापरून झालेले पाणी.
बुडीत क्षेत्र – धरणामुळे पाण्याखाली जाणारी जमीन.
चर – पाणी मुरण्यासाठी खणलेला लांबट खड्डा.
ताळेबंद – जमा किती आणि खर्च किती याचा हिशेब.