प्रेक्षक, स्पेक्टेटर आणि श्रावक

धानाची कापणी आटोपली की गडचिरोली जिल्ह्यात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. एटापल्लीचा व्यापारीही दुकान वाढवून, चादर पांघरून रात्रभर मंडपात बसतो. इंग्रजीत तो ‘स्पेक्टेटर’. लॅटिन ‘स्पेक्टारे’ म्हणजे निरखून पाहणे. आपला ‘प्रेक्षक’ही ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूपासून झाला. दुकानाची तपासणी करणारा इन्स्पेक्टर याच कुळातला, अन् आजोबांच्या नाकावरचे स्पेक्टॅकल्सही! ऑडिटर मात्र मुळात ‘ऐकणारा’. पूर्वी हिशेब त्याला वाचून दाखवीत. ‘श्रावक’ हे आपले नावही ‘श्रु’ म्हणजे ऐकणे यावरूनच आले. मंडपात नाट्यगीताला ‘वन्स मोअर’ देणाऱ्या त्या व्यापाऱ्याला केवळ ‘स्पेक्टेटर’ म्हणणे म्हणूनच अपुरे वाटते. त्याचे कान डोळ्यांइतकेच जागे असतात.