दोन गोळ्यांचे एकवीस दिवस

‘अंगावरून वारं गेलं’ हा अर्धांगवायूसाठी मराठीत रुळलेला जुना शब्दप्रयोग. सौम्य झटक्यात हेच वारं जणू नुसतं चाटून जातं. तोंडाची एक कड किंचित ओघळते, शब्द जिभेवर अडखळतात, हातातला पेला निसटतो आणि दोन-चार दिवसांत सगळं पूर्ववत झाल्यासारखं वाटतं. डॉक्टर पक्षाघाताची तीव्रता ० ते ४२ गुणांच्या मापावर मोजतात. तीन किंवा त्याहून कमी गुण आले तर तो सौम्य. हा शब्द मात्र झालेल्या इजेपुरताच खरा आहे, पुढच्या धोक्याबद्दल तो काहीच सांगत नाही. काही मिनिटांत किंवा तासांत पूर्ण ओसरणाऱ्या क्षणिक झटक्याचा कॅलिफोर्नियातला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या १०.५ टक्के रुग्णांना तीन महिन्यांत खरा पक्षाघात झाला आणि त्यांपैकी निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच झाला. गेल्या पन्नासेक वर्षांतल्या संशोधनाकडे वळून पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. या आजारात सर्वांत मोठं यश अधिक जहाल गोळी सापडल्याने मिळालं नाही. गोळी केव्हा सुरू करायची आणि केव्हा थांबवायची, हे उमगल्याने मिळालं.

सुरुवात अ‍ॅस्पिरिनपासून झाली. बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत १८९७ साली तयार झालेलं हे औषध अर्धं शतक ताप आणि डोकेदुखीवरच वापरलं गेलं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स क्रेव्हन या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर अ‍ॅस्पिरिनयुक्त च्युइंगगम चघळणाऱ्यांना रक्तस्राव जास्त होतो. यावरून हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यासाठी अ‍ॅस्पिरिन द्यावं, असं ते १९५०च्या दशकात लिहू लागले. पण त्यांच्याकडे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यांचं म्हणणं मागे पडलं. जॉन व्हेन यांनी १९७१ साली अ‍ॅस्पिरिनचं कार्य उलगडलं आणि त्यासाठी १९८२चं नोबेल मिळवलं. या गोळीला आपण ‘रक्त पातळ करणारी’ म्हणतो, पण तिने रक्त पातळ होत नाही. ती प्लेटलेट या रक्त गोठवणाऱ्या पेशींमधलं एक विकर कायमचं निकामी करते, त्यामुळे प्लेटलेट एकमेकींना सहज चिकटत नाहीत. प्लेटलेटला केंद्रक नसतं, म्हणून तिला ते विकर पुन्हा बनवता येत नाही. सात ते दहा दिवसांचं तिचं आयुष्य तसंच संपतं. दिवसाला एक लहानशी गोळी पुरते ती यामुळेच.

हे रुग्णांवर सिद्ध करण्याचं काम १९७८ साली कॅनडातल्या चाचणीने केलं. ५८५ रुग्णांच्या त्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनमुळे पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. तिथे रोज १३०० मिलिग्रॅम, म्हणजे चार मोठ्या गोळ्या दिल्या जात. पुढची काही वर्षं मात्रा उतरवण्यात गेली. १९९१ साली डच संशोधकांनी ३,१३१ रुग्णांवर ३० आणि २८३ मिलिग्रॅमची तुलना केली, तेव्हा परिणाम जवळपास सारखाच निघाला. एका औषधाची मात्रा वाढवून फायदा वाढत नसेल, तर दुसरं औषध जोडावं, हा पुढचा विचार स्वाभाविक होता. क्लोपिडोग्रेल प्लेटलेटच्या वेगळ्या दारावर कुलूप घालतं, मग दोन्ही दारं बंद केलेली बरी. पण २००४ साली ‘मॅच’ चाचणीने ही आशा मोडली. तीन महिन्यांच्या आत पक्षाघात किंवा क्षणिक झटका येऊन गेलेल्या ७,५९९ जणांना दीड वर्ष औषधं दिली गेली. क्लोपिडोग्रेलच्या जोडीला अ‍ॅस्पिरिन दिल्याने ठळक फायदा झाला नाही, जीवघेणा रक्तस्राव मात्र १.३ वरून २.६ टक्क्यांवर गेला. २०१२ साली बारीक रक्तवाहिन्यांच्या पक्षाघातावरच्या ‘एसपीएस-३’ चाचणीनेही तेच दाखवलं. सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपास चाललेल्या दुहेरी उपचारात मोठा रक्तस्राव जवळपास दुप्पट झाला आणि मृत्यूही वाढले. रोगापेक्षा औषध जालीम ठरलं होतं.

इथेच हा विषय मिटायला हवा होता. पण प्रश्नच चुकीचा विचारला जात होता. या चाचण्यांमधले बरेच रुग्ण झटक्यानंतर काही आठवड्यांनी आत घेतलेले होते, म्हणजे सर्वांत घातक दिवस निभावून गेलेले. २००७ साली ऑक्सफर्डच्या ‘एक्सप्रेस’ अभ्यासाने हे उघड केलं. आधीच्या पद्धतीत क्लिनिकमधून शिफारस कुटुंबाच्या डॉक्टरकडे जाई आणि पहिली चिठ्ठी लिहिली जाईपर्यंत साधारण वीस दिवस लोटत. नव्या पद्धतीत उपचार क्लिनिकमध्येच सुरू झाले आणि ती मुदत एका दिवसावर आली. औषधं उपलब्ध होती तीच होती, बदलली ती मुख्यतः तारीख. तीन महिन्यांतला पुन्हा पक्षाघात होण्याचा धोका १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर उतरला. पुढे २०१६ साली ऑक्सफर्डचेच पीटर रॉथवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या अ‍ॅस्पिरिन चाचण्यांची आकडेवारी नव्याने उलगडली. पहिल्या सहा आठवड्यांत एकटं अ‍ॅस्पिरिनच पुन्हा पक्षाघात होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी करतं, असं दिसलं. अनेक वर्षांची सरासरी काढण्याच्या सवयीने हा लाभ झाकून टाकला होता. कारण उघड आहे. धमनीतला चरबीचा थर फुटतो तेव्हा त्याचा खडबडीत पृष्ठभाग प्लेटलेटना बोलावत राहतो आणि काही आठवड्यांत तो भरून येतो. घाव ताजा असतो तोवरच प्लेटलेटना सर्वाधिक आवर हवा.

लवकर उपचार करण्याच्या याच विचारावर बेतलेल्या आणि बीजिंगच्या थिआनथान रुग्णालयातील वांग योंगजुन यांच्या नेतृत्वाखालील ‘चान्स’ चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सौम्य पक्षाघात किंवा धोकादायक क्षणिक झटका आलेल्या ५,१७० रुग्णांना २४ तासांत औषध सुरू झालं. क्लोपिडोग्रेल तीन महिने, अ‍ॅस्पिरिन जोडीला फक्त पहिले २१ दिवस. पक्षाघात एकट्या अ‍ॅस्पिरिनवरच्या ११.७ ऐवजी ८.२ टक्क्यांना झाला, मोठा रक्तस्राव वाढला नाही. चीनमधल्या रुग्णांवरचा निष्कर्ष बाकीच्यांना लागू होईल का, हा आक्षेप रास्त होता; बारीक रक्तवाहिन्यांचा विकार आणि डोक्यातल्या धमन्यांचं आकुंचन आशियात जास्त आढळतं. २०१८ सालच्या ‘पॉइंट’ चाचणीने त्याला उत्तर दिलं. मुख्यतः अमेरिकेतल्या ४,८८१ रुग्णांतही फायदा दिसला. तिथे दोन्ही गोळ्या तीन महिने चालू राहिल्या आणि मोठा रक्तस्राव ०.४ वरून ०.९ टक्क्यावर गेला. दोन्ही चाचण्यांची माहिती एकत्र केल्यावर कोडं सुटलं. पहिल्या २१ दिवसांत रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या मोठ्या (इस्केमिक) घटना ७.८ ऐवजी ५.२ टक्क्यांवर आल्या. २२व्या दिवसानंतर दोन गटांत फरक उरला नाही. फायदा आधीच संपतो, रक्तस्रावाचा धोका मात्र औषध चालू असेपर्यंत राहतो. दुसरा आक्षेप क्लोपिडोग्रेलवरच आहे. यकृतातल्या एका विकराच्या जनुकातल्या फरकामुळे आशियातल्या अनेकांत ते पुरेसं सक्रिय होत नाही. २०२१ सालच्या ‘चान्स-२’मध्ये अशा रुग्णांना क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलर हे दुसरं प्लेटलेटरोधक औषध दिल्यावर पक्षाघात ७.६ ऐवजी ६ टक्क्यांना झाला. औषध बदललं तरी अ‍ॅस्पिरिनची जोड २१ दिवसांचीच होती.

यावर खरा बिनतोड वाटणारा आक्षेप वेगळाच आहे: धोका जन्मभराचा असेल, तर संरक्षण तीन आठवड्यांचं का? धोका खरोखर लांबतो. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या संकलनात सौम्य झटक्यानंतर दहा वर्षांत जवळपास पाचांपैकी एकाला पुन्हा पक्षाघात झाल्याचं दिसलं. पण नंतरच्या धोक्याचं स्वरूप पहिल्या तीन आठवड्यांसारखं नसतं. तो वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि कोलेस्टेरॉल यांनी हळूहळू पोसलेला असतो, त्यावर दुसरं कुलूप चालत नाही. एक अ‍ॅन्टिप्लेटलेट गोळी चालूच राहते, बाकी काम इतरांनी करायचं असतं. ‘प्रोग्रेस’ चाचणीत २००१ साली रक्तदाबाच्या दोन औषधांच्या जोडीने पुन्हा होणारा पक्षाघात ४३ टक्क्यांनी घटला. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर मुळात वेगळ्या प्रकारचं औषध लागतं. आणि मेंदूत रक्तस्राव झालेला नाही हे सीटी स्कॅनने पाहिल्याशिवाय यातली एकही गोळी घरच्या घरी देणं धोक्याचं. निरोगी वृद्धांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा नाही, हे २०१८ सालच्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीचं निरीक्षण वाचून काहीजण आपली गोळी बंद करतात, तेही चूकच. ती चाचणी झटका न आलेल्यांसाठी होती.

दीर्घकालीन बरेपणाचा विचार इथून पुढे सुरू होतो आणि तिथे आकड्यांनी आपला गर्व उतरवला आहे. ऑक्सफर्डच्या दीर्घ अभ्यासात सौम्य पक्षाघातानंतर वर्षभरात ८.२ टक्क्यांना नव्याने स्मृतिभ्रंश आढळला. हातपाय चालतात म्हणून माणूस बरा झाला, असं समजायचं कारण नाही. थकवा, उदासी, हिशेबात होणारा गोंधळ ही इजा दिसत नाही, पण ती असते. भारतातल्या ३१ केंद्रांवरच्या ‘स्प्रिंट इंडिया’ चाचणीत रुग्णांना बारा भाषांत संदेश, चित्रफिती आणि पुस्तिका दिल्या. गोळ्या नियमित घेणं आणि तंबाखू सोडणं सुधारलं. पण वर्षभरात पुन्हा होणारे झटके मात्र घटले नाहीत. याचा अर्थ समुपदेशन निरर्थक असा नाही. रक्तदाब निव्वळ उपदेशाने उतरत नाही, त्यासाठी मोजणारा हात आणि औषध बदलणारा डॉक्टर महिन्यामागून महिना लागतो, असा आहे. एकवीस दिवस कसे वापरायचे हे आता आपल्याला ठाऊक आहे. बाविसाव्या दिवशी एक गोळी थांबते, तेव्हा पुष्कळ घरांत तिच्याबरोबर बाकीचं लक्षही थांबतं. आणि पुढच्या दहा वर्षांचा हिशेब तर त्याच दिवसापासून सुरू होतो.