चिखलात उतरण्याआधी वीस मिनिटे

ताम्हिणीत पाऊस लागला की मैदानाचा चिखल होतो. त्यावर फुटबॉल खेळणाऱ्या आपल्या मुलांना सावरते ते त्यांचे स्वतःचे शरीर.

मांडी, नितंब व पोटाचे स्नायू मजबूत असले की अचानक थांबताना, वळताना गुडघा आत झुकत नाही. स्नायू लवचिक असले की पाय लांब टाकताना ताण सोसतो. एका पायावर तोल साधला की घोटा मुरगळण्याचा धोका घटतो.

यासाठी जिमची गरज नाही. फिफाच्या '११ प्लस' सरावात १५ व्यायाम आहेत: हळू धावणे, प्लँक, बैठका, उड्या, एका पायावर तोल, शेवटी वेगाने धावणे. नॉर्वेत २००७ च्या हंगामात १३ ते १७ वर्षांच्या मुलींनी हा सराव केला, तेव्हा त्यांच्यात गंभीर दुखापतींचे प्रमाण जवळपास निम्मे आढळले.

मजुरीवर चालणाऱ्या घरात मुलाचा गुडघा गेला, तर खेळाबरोबर पोलीस भरतीचे स्वप्नही मोडते. म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना सांगतो: सामने जरूर भरवा, पण आठवड्यातून दोनदा तरी ही वीस मिनिटे मुलामुलींकडून करून घ्या.