वजा चिन्ह आणि अपूर्णांकाची रेघ



भाकरीचे सात सारखे तुकडे केले. पाच ताटात वाढले, त्यांतले दोन परत काढले. तीन सप्तमांश उरले. तुकड्याचा आकार तोच, म्हणून छेद सातच राहिला. छेद सारखे असले की अंशांचीच वजाबाकी करावी, हे भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त सांगून ठेवले आहे.

बीजगणितातही नियम हाच. मात्र तिथे अंशात दोन-तीन पदे असतात, आणि घोटाळा तिथेच होतो. हे उदाहरण पाटीवर लिहून घ्या:

(५क्ष + ३)/७ − (२क्ष − ४)/७

पुष्कळ मुले अंशात ५क्ष + ३ − २क्ष − ४ मांडतात आणि (३क्ष − १)/७ असे उत्तर काढतात. रागावण्याआधी मुलाला क्षची किंमत २ घ्यायला सांगा. पहिला अपूर्णांक १३/७ होतो. दुसऱ्याचा अंश ४ − ४, म्हणजे शून्य. शून्य वजा केल्यावर १३/७ तसेच राहायला हवेत. मुलाचे उत्तर मात्र ५/७ येते. आठ सप्तमांश गेले कुठे? इथे मूल स्वतःच चमकते.

अपूर्णांकाची आडवी रेघ ही नुसती रेघ नव्हे. तिच्या वरची सारी पदे एका मोटेत बांधलेली असतात आणि वजा करायची ती सबंध मोट. म्हणून आधी कंस घालावा: (५क्ष + ३) − (२क्ष − ४). पुस्तकात ही पायरी कित्येकदा गाळतात. गुरुजींनी फळ्यावर ती गाळू नये. कंस सोडताना, वजा चिन्हापुढच्या कंसातल्या प्रत्येक पदाचे चिन्ह पालटते.

का पालटते, ते बाजारात कळते. खिशात २० रुपये आहेत. भाजीचे ८ झाले, भाजीवालीने ३ सोडले. तुम्ही ८ देता, ३ परत घेता. २० − ८ + ३, उरले १५. इथे − ३ लिहिणारा आठ तर देतोच, वर आणखी तीन देऊन घरी येतो! नियम घोकून घेण्यापेक्षा हे बरे.

तेव्हा अंश ५क्ष + ३ − २क्ष + ४, आणि उत्तर (३क्ष + ७)/७. क्ष २ घेतला की १३/७ बरोबर येतात.

आता वरचा सात आणि खालचा सात खोडायचा मोह होईल. खोडू नका. खालचा सात सगळ्या अंशाला भागतो, एकट्या पदाला नव्हे. संक्षेप करायचा तर अंशाचे अवयव पडले पाहिजेत. क्ष²/(क्ष − ३) − ९/(क्ष − ३) यात अंश क्ष² − ९, म्हणजे (क्ष − ३)(क्ष + ३). इथे क्ष − ३ खुशाल उडवा. उत्तर क्ष + ३. फक्त क्ष ३ असता कामा नये, कारण मग मूळ छेदच शून्य होतो.