भंगार गेलं कुठे?

तळवड्याच्या कंपन्यांतला पुठ्ठा, प्लास्टिक, लोखंड भरलेले टेम्पो आधी कुठे वळायचे, माहितीये? जवळच्याच कुदळवाडीत. तिथं माल निवडून रिसायकलिंगला जायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली भंगार गोदामं पाडली. आगी, धूर, अनधिकृत शेड... कारणं खोटी नव्हतीच. पण कचरा निघायचा थोडाच थांबतो!

आता गणित बघा. भंगाराचा भाव किलोवर, टेम्पोचं भाडं मात्र अंतरावर. लोखंड लांब नेलं तरी परवडतं. थर्माकोल, पातळ पिशव्या टेम्पोभर जागा खातात आणि वजन भरत नाही. गोदाम लांब गेलं की हा माल कोण उचलणार? मग तो मोशीच्या कचरा डेपोत जातो, नाहीतर मोकळ्या प्लॉटवर पेटतो. भंगारवाला ‘प्लास्टिक नको’ म्हणाला, तर भाव करत बसू नका. त्याला विचारा, गोदाम आता किती लांब आहे?