हार्डांगरच्या पठारावरील एक दिवस

नॉर्वेजियन माणूस पायांत स्की घालूनच जन्मास येतो, अशी त्या देशांत एक म्हण आहे. आणि तेथील लोक ती परक्यांस थोड्याशा अभिमानानेंच सांगतात. स्की या शब्दाचा मूळ अर्थ चिरलेल्या लाकडाची फळी. माणसाच्या उंचीहून कांहींशी लांब, चार बोटें रुंद आणि टोंकाशीं वर वळलेली अशी एकेक फळी दोन्ही पायांस बांधावी, हातांत दोन काठ्या घ्याव्या, आणि ज्या भुसभुशीत हिमांत एरव्हीं मांडीपर्यंत पाय रुतला असता त्यावरून खुशाल चालूं लागावें, एवढाच या साधनाचा मूळ हेतु. यंत्राच्या पाळण्यांत बसून माथा गांठावयाचा व तेथून घसरत खालीं यावयाचें, हा आजचा लोकप्रिय खेळ त्याचें अलीकडचें अपत्य होय. त्याचा विचार येथें कर्तव्य नाहीं. आखलेले उतार सोडून, स्वतःच्या पायांनीं डोंगरांतून दिवसभर वाटचाल करणाऱ्यांचा प्रवास कसा असतो, आणि त्यांतील अवघड जागा कोणती, एवढेंच सांगावयाचें आहे. ती अवघड जागा कडा किंवा उतार नव्हे, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

अशा प्रवासाचें माहेरघर म्हणजे फिन्से. ओस्लोहून बर्गनला जाणारा लोहमार्ग १९०९ सालीं खुला झाला, त्यावरील हें सर्वांत उंच स्थानक. उंची १,२२२ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून थोडी कमीच. परंतु अक्षांश साठाच्या पलीकडचा, त्यामुळें झाड म्हणून कोठें दृष्टीस पडत नाहीं. मोटारीचा रस्ता येथवर येत नाहीं. आगगाडी निघून गेली कीं वाऱ्याखेरीज दुसरा आवाज उरत नाहीं. दक्षिणेच्या अंगास सुमारें १,८६० मीटर उंचीचा हार्डांगर हिमनदाचा पांढरा घुमट दिसतो, आणि त्याच्या पलीकडे हार्डांगरचें अफाट पठार पसरलेलें आहे. त्याच्या ३,४२२ चौरस किलोमीटर भागास १९८१ सालीं राष्ट्रीय उद्यान ठरविण्यांत आलें. ईस्टरच्या सुटींत शहरांतील कुटुंबेंच्या कुटुंबें येथें लोटतात. पाठीवरील पिशवींत लोकरीचे जादा मोजे, चॉकलेट आणि संत्रीं असतात. संत्र्यावांचून ईस्टर साजरा होतच नाहीं, असा त्यांचा समज दिसतो.

फिन्सेहून हिमनदाला वळसा घालून दक्षिणेस ख्येल्देबू नांवाची एक झोपडी आहे. अंतर वीस किलोमीटरांहून कांहींसें अधिक, म्हणजे पुरत्या एका दिवसाची मजल. नॉर्वेची पदयात्री संस्था १८६८ सालीं स्थापन झाली. तिच्या व तिच्या शाखांच्या अशा शेंकडों झोपड्या देशभर विखुरल्या आहेत. स्वयंसेवेच्या झोपडींत रखवालदार नसतो. प्रवाशानें चूल पेटवावी, कोठींतील डबे घ्यावे, हिशेब स्वतःच लिहून पैसे भरावे, आणि निघतांना लाकडें फोडून, जमीन झाडून दार लावून घ्यावें. आपल्याकडे अशी कोठी किती दिवस भरलेली राहील, हा प्रश्न मनांत येतो. पण तो तूर्त बाजूस ठेवूं.

सकाळची पहिली चर्चा चालते ती मेणाची. पायाचा भार पडला कीं फळीनें हिमास धरून ठेवावें, आणि भार उचलला कीं तीच फळी पुढें सरकावी, अशी परस्परविरोधी अपेक्षा तिच्याकडून असते. ही किमया तळास लावलेलें मेण करितें. हिमकणांचीं सूक्ष्म टोंकें त्या मेणांत घुसतात व सुटतात. कडाक्याच्या थंडींत हे कण कठीण असतात, म्हणून हिरवें, कडक मेण. शून्याखालीं थोडेसे अंश असतील तर निळें. पारा शून्यापाशीं घोटाळत असेल तर तांबडें, मऊ. आणि हिम भिजून पुन्हां गोठलें असेल तर नळींतून पिळून काढावयाचा काकवीसारखा चिकट लेप. मेण कडक झालें तर पाय मागें घसरतो. मऊ झालें तर तळाशीं हिमाचे गोळे जमून पाऊल मणाचें होतें. आमच्या गृहिणी पाकाची तार बोटांवर पाहून ओळखतात. तसेंच हें ज्ञान पुस्तकांत फारसें सांपडत नाहीं. शिवाय तेथें पाक दिवसांतून तीनदां बदलतो!

तो कां बदलतो, याचें उत्तर याच लोहमार्गाच्या पश्चिम टोंकास, बर्गन येथें शोधण्यांत आलें. विल्हेल्म ब्येर्क्नेस हे शास्त्रज्ञ १९१७ सालीं तेथें आले; त्यांचे पुत्र याकोब व इतर तरुण सहकारी यांच्या साह्यानें त्यांनीं असें दाखवून दिलें कीं, उबदार व थंड हवेचे प्रचंड समूह एकमेकांत सहज मिसळत नाहींत, तर एका रेषेवर परस्परांस भिडतात. तेव्हां पहिलें महायुद्ध नुकतेंच संपत होतें. त्या रेषेला त्यांनीं युद्धभूमीवरील ‘आघाडी’ हेंच नांव दिलें. अटलांटिक महासागरावरून अशा आघाड्या एकामागून एक नॉर्वेच्या किनाऱ्यावर चाल करून येतात, आणि हार्डांगरचें पठार त्यांच्या वाटेंतच उभें आहे.

म्हणून सकाळीं आकाश निळें असलें तरी जाणता मनुष्य सूर्याकडे पाहतो. सूर्याभोंवतीं फिकट खळें दिसूं लागलें, वारा आग्नेयेकडे वळला व वाऱ्यांतील बोंचरेपणा थोडा कमी झाला, तर तें सुख मानावयाचें चिन्ह नव्हे. उबदार आघाडी येत आहे. दोन-तीन तासांत आकाश करडें होईल, हिम पडूं लागेल, पारा शून्यावर चढेल, कदाचित् हिमाचा पाऊस होईल. आणि ती आघाडी ओलांडून गेली कीं मागून थंड आघाडी येऊन वारा एकदम वायव्येचा होईल, आणि जें जें भिजलें असेल तें तें गोठेल. त्यांत माणसाचे कपडेही आलेच. हवामानाचा अंदाज आज खिशांतील दूरध्वनीवर मिळतो खरा. पण तो दुपारचा कोणता तास, हें पठारावर उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावें लागतें.

आतां दुपारचा एक वाजला आहे व आपले प्रवासी निम्मी वाट चालून आले आहेत, असें समजा. हिम आडवें येत आहे. सह्याद्रींतील आषाढी धुकें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस वाटेल कीं, त्यांत काय विशेष? परंतु आमच्या धुक्यांत निदान पायांखालची काळी जमीन दिसते. येथें वर पांढरें, खालीं पांढरें, क्षितिज नाहीं, सांवली नाहीं. आपण चालत आहों कीं उभे आहों, हेंही कधीं कधीं कळेनासें होतें. पुढें चढ आहे कीं खड्डा, हें पाहण्यासाठीं हिमाचा गोळा करून फेंकतात, आणि तो कोठें अदृश्य होतो तें पाहतात. आधार एकच, तो म्हणजे संस्थेच्या लोकांनीं हिवाळ्याच्या अखेरीस वाटेवर रोवलेल्या बर्चच्या व बांबूच्या काटक्या. पुढची काटकी दिसेनाशी झाली तर एकानें मागच्या काटकीपाशीं उभें राहावयाचें व दुसऱ्यानें हांकेच्या टप्प्यांत पुढची शोधावयाची. मधून मधून एकमेकांचे चेहरे पाहावयाचे. गालावर पांढरा डाग दिसला तर हिमदंशाची ती सुरुवात असते, आणि ज्याचा त्याला तो कळत नाहीं.

पुढें दहा-अकरा किलोमीटर, मागेंही तितकेच. पुढें चूल आहे, कोरडा बिछाना आहे, आणि ठरविलेला बेत पार पडल्याचें समाधान आहे. मागें फिन्से; पण वारा पाठीवर राहील, आणि तोही सायंकाळपर्यंतच; पुढें तो फिरून तोंडावर येणार. काय करावें?

नॉर्वेंत १९५२ सालीं पदयात्री संस्था व रेड क्रॉस यांनीं डोंगरांत वागण्याचे कांहीं नियम प्रसिद्ध केले. १९६७ च्या ईस्टरांत वादळांत सांपडून बरींच माणसें दगावलीं, तेव्हां त्यांचा पुन्हां मोठा प्रचार झाला. २०१६ सालीं ते सुधारण्यांत आले. नियम नऊ आहेत. एका चॉकलेटाच्या वेष्टणावर ते अनेक वर्षें छापले गेले, त्यामुळें शाळकरी मुलांसही ते ठाऊक असतात. त्यांतील आठवा असा कीं, वेळींच मागें फिरावें, त्यांत लाज नाहीं. वरवर पाहतां हा उपदेश अगदीं बाळबोध वाटतो. त्याची खरी उपयुक्तता वेगळीच आहे, असें मला वाटतें. चौघांच्या मेळाव्यांत ‘आतां परत जाऊं या’ हें प्रथम कोणीं म्हणावें? जो म्हणेल तो भित्रा ठरावयाचा. नियमानें तें वाक्य आधींच प्रत्येकाच्या तोंडांत घालून ठेविलें आहे. त्यामुळें जो सर्वांत थकलेला, तोही तें संकोचावांचून उच्चारूं शकतो.

मात्र ‘वेळींच’ या शब्दांत सारें आलें. रोआल्ड आमुंडसेन, जो पुढें १४ डिसेंबर १९११ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोंचला, तो तेवीस वर्षांचा असतांना, १८९६ च्या जानेवारींत, आपला भाऊ लेओन याच्यासह हें पठार पूर्वेकडून पश्चिमेस ओलांडण्यास निघाला. मोगेन या शेतघरापासून गारेन या शेतघरापर्यंत, अवघी दोन दिवसांची वाट. म्हणून बरोबर थोडें बिस्किट-चॉकलेट घेतलें होतें. गुराख्यांच्या एका ओसाड झोपडींत वादळानें त्यांस अडकविलें. तेथून पश्चिमेस निघाले, पण गारेन कांहीं सांपडेना. उघड्यावर रात्र काढली. पायाशीं ठेविलेल्या अन्नाच्या पिशव्या सकाळीं हिमांत गडप झालेल्या. तेव्हां निरुपायानें ते पूर्वेकडे वळले. पुढच्या एका रात्रीं आमुंडसेन हिमांत बीळ करून झोंपला. ओलें हिम त्याच्यावर पडलें व थंडी वाढतांच त्याचा बर्फ झाला. जिवंत गाडल्यासारखी त्याची स्थिति झाली. झोपण्याच्या पिशवीचे चार केस वर दिसले, त्यावरून सोबत्यानें त्यास खणून काढलें. शेवटीं मोगेनला पोंचले तेव्हां ज्यांच्या घरीं कित्येक दिवस राहून गेले होते त्या माणसांनींही त्यांस ओळखलें नाहीं.

पण १९२७ सालच्या आत्मचरित्रांत त्यानें जें पुढें लिहिलें आहे, तें याहून विलक्षण आहे. दुसऱ्या वर्षीं त्यास असें कळलें कीं, गारेनच्या शेतकऱ्यास एका सकाळीं आपल्या दाराजवळ स्कीच्या खुणा दिसल्या होत्या. पूर्वेकडून आलेल्या व पूर्वेकडेच परत गेलेल्या. हिवाळ्यांत त्या बाजूनें कोणी येतच नसल्यामुळें त्याचा डोळ्यांवर विश्वास बसेना. घर शंभर यार्डांच्या आंत होतें, आणि तें न दिसल्यामुळें ते दोघे मरणाच्या तोंडीं परत गेले.

म्हणजे मागें फिरणें हेंही आंधळेपणीं केलें तर पुढें जाण्याइतकेंच घातक. काटकी दिसत आहे, पिशवींत अन्न आहे, पायांत बळ आहे, तोंवर घेतलेला निर्णयच निर्णय. त्यानंतर जें घडतें तें नशीब. आमुंडसेनच्या मनावर हें बिंबलें असावें. १९११ च्या ८ सप्टेंबरला तो ध्रुवाकडे निघाला, पण शून्याखालीं पन्नास अंशांहून अधिक थंडी पडतांच तळावर परतला, आणि १९ ऑक्टोबरला पुन्हां निघाला. ध्रुवाची शर्यत चालू असतांना हें त्यानें केलें, हें विसरतां कामा नये.

आपले प्रवासी वळले आहेत. दोन तासांपूर्वींच्या स्वतःच्याच खुणा पुसल्या गेल्या आहेत, पण काटक्या आहेत. निळें मेण खरवडून तांबडें लावावें लागतें. बोटें गारठतात, डबा हातांतून निसटतो. उताराच्या कुशींतील जवळची वाट टाळून ते मोकळ्या सपाटीवरून लांबचा वळसा घेतात, कारण वाऱ्याआडच्या उतारावर साठलेला नवा थर तीस अंशांहून अधिक चढावर कोसळूं शकतो. पांच वाजतां फिन्सेचे दिवे दिसतात. विश्रामगृहाच्या वहींत नांवें लिहून ‘ख्येल्देबूच्या वाटेवरून परत’ एवढेंच नोंदवावयाचें. कोणी कारण विचारीत नाहीं.

रात्रीं वारा वायव्येचा होतो. सकाळीं आकाश स्वच्छ, पारा शून्याखालीं बारा; काल भिजलेलें हिम कांचेसारखें कडक झालें आहे, आणि त्यावर चार बोटें नवें पडलें आहे. ओसरीवर डबे मांडून कोणतें मेण लावावें याची चर्चा पुन्हां सुरू होते.